तिसऱ्या दारातली कॉफी

१

माझी जीभ गाडीच्या इंजिनाआधी चालू होते, असं माझी बायको रय्या म्हणते. खोटं नाही ते. आमच्या निजवा शहरातल्या हॉटेलांवरून पाहुणे घ्यायचे, दिवसभर डोंगरात फिरवायचे आणि संध्याकाळी जिथून उचलले तिथे सोडायचे, हा माझा धंदा. त्यात मुक्याचं काय काम? वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, आणि या हिवाळ्यात कुठे माझी स्वतःची गाडी आली, स्वतःचा परवाना आला, छापलेलं कार्डही आलं. वर माझं नाव, खल्फान, आणि खाली फोन आणि घरचा पत्ता. त्या कार्डाचं मला इतकं कौतुक की पेट्रोल भरणाऱ्यालाही एक देऊन आलो होतो.

त्यात रय्याला नववा महिना लागलेला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, नातेवाइकांचे टोमणे खाऊन झाले, आणि आम्ही आशा सोडली तेव्हा हे घडलं. आई तर जमिनीवर नव्हतीच. दारात कुणी पत्ता विचारायला आला तरी तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, आमच्याकडे बाळ येणार आहे. रय्या लाजायची आणि मी तिला खोटं खोटं रागवायचो, पण खरं सांगू, ते ऐकायला मलाही फार आवडायचं.

दर गुरुवारी मी पाहुण्यांना हिज्रानला न्यायचो. हे आमच्या डोंगराच्या कुशीतलं मातीचं जुनं गाव. चाळीस वर्षांपूर्वी खाली वीज आली, नळ आले, तशी माणसं एकेक करून उतरली आणि वर फक्त घरं राहिली. एक गल्ली वरून खाली पाण्याच्या पाटापर्यंत जाते, दोन्ही बाजूंना लाकडी दारं. पर्यटकांना असलं काही दिसलं की ते वेडेच होतात. मीही त्यांच्याबरोबर वेडा होतो, दर वेळी, अगदी मनापासून.

आता आमच्याकडची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दारासमोरून कुणी चाललं की आतल्याने हाक मारायचीच, "या, कॉफी घ्या." चालणाऱ्याने थांबायचं नसतं. छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "अल्ला बरकत देवो, पुढच्या खेपेला, इन्शाअल्लाह." दोघांनाही ठाऊक असतं की कुणी येत नाही आणि कुणी वाट बघत नाही. बाजारात जाऊन येईपर्यंत मी हे वाक्य दहा वेळा तरी बोलतो, आणि बोललो हे मला आठवतही नाही.

तर त्या गुरुवारी माझ्याबरोबर एक तरुण जोडपं होतं, एकमेकांचे फोटो काढण्यात गढलेलं. मी पुढे, ते मागे. तिसऱ्या दारावरून जाताना आतून हाक आली, या, कॉफी घ्या. मी छातीवर हात ठेवला, पुढच्या खेपेला म्हणालो आणि चालू लागलो. दहा-बारा पावलं गेलो असेन, आणि मग पाय थांबले. या गावात कुणी राहत नाही.

२

मी घाबरलो नाही. उलट मला गंमतच वाटली. गाडी चालवताना हिशेब लावला की कुणी तरी आपलं जुनं घर बघायला आला असेल, आमची माणसं येतात अधूनमधून. नाहीतर एखादा मेंढपाळ सावलीला टेकला असेल. पण मेंढपाळाच्या आवाजात इतकी अदब कुठून येणार? तो आवाज घरधन्याचा होता. सावकाश, जरासा जाड, आणि मनापासून बोलावणारा.

पुढच्या गुरुवारी मी कान टवकारूनच गल्लीत शिरलो. मनाशी पक्कं केलं होतं की या वेळी थांबायचं आणि आत डोकावायचं. तिसरं दार आलं, हाक आली, आणि मी ठरवलेलं सगळं विसरून छातीवर हात ठेवला आणि तेच वाक्य बोलून पुढे गेलो. सवय कशाला म्हणतात ते बघा. स्वतःच्या जिभेचा असा राग मला आयुष्यात आला नव्हता.

पाहुण्यांना पाटाच्या काठावर बसवून मी एकटा परत आलो. दाराला कुलूप होतं. जुनं, गंजलेलं, आणि कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं, अखंड. फटीला डोळा लावला तर नुसता काळोख दिसला. पण नाक लावलं तर वेलदोड्याचा वास. ताजा कुटलेला, कॉफीत नुकताच पडलेला. मी स्वतःची समजूत घातली की सकाळी घरी तीन वाट्या कॉफी पिऊन निघालो, कपड्यांना वास लागला असेल. आवाज खालच्या नव्या गावातला, दरीत घुमून वर येत असेल. दरी कशी पण फसवते माणसाला.

आणि लाज वाटते सांगायला, पण त्याच वेळी माझ्या डोक्यात धंदाही चालू होता. ओसाड गावात कॉफीला बोलावणारं घर! हे लोकांना कळलं तर उन्हाळ्यातही गाडी रिकामी राहायची नाही.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं होतं हसेल, पण तिने हातातलं काम थांबवलं आणि मी उत्तर दिलं का, एवढंच विचारलं. दिलं म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

"मग झालं तर," ती म्हणाली. "हाकेला नाही म्हणावं, गोड बोलून म्हणावं, पण म्हणावं. गप्प राहिलास की बोलावणारा धरून चालतो, तू येतोयस म्हणून."

३

तिसऱ्या गुरुवारी ऑर्नेलाबाई आल्या. इटलीतल्या त्रिएस्ते नावाच्या बंदरातून, एकट्याच. वय सहासष्ट, पोस्टातून निवृत्त, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. डोक्यावर भली मोठी टोपी आणि चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीचा आनंद. गाडीत बसता बसताच म्हणाल्या की आमच्या गावात कॉफीच्या बाबतीत कुणाचं काही ऐकून घेत नाहीत, तेव्हा तुमची कॉफी मी तपासणार आहे.

मग काय, मी त्यांना आधी घरीच नेलं. आईने बैठकीत बसवलं, खजूर ठेवले आणि बिनकानाच्या चिमुकल्या वाटीत कॉफी ओतली. बाईंनी डोळे मिटून घोट घेतला आणि हार मानली. आईने वाटी पुन्हा भरली. पुन्हा प्यायल्या, तिने पुन्हा भरली. पाचव्या वाटीला बाईंनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मी सांगितलं की वाटी अशी दोन बोटांत धरून जरा हलवायची, म्हणजे पुरे. ती हलवल्याशिवाय ओतणारा थांबत नसतो. बाईंनी वाटी हलवली, आई थांबली, आणि सगळ्या बायका हसल्या. निघताना बाईंनी रय्याच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक पुटपुटल्या. आशीर्वादच असणार, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

मी कार्डं दिली, म्हटलं, मैत्रिणींना वाटा. त्यांनी चार घेतली.

हिज्रानला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजायला आले होते. ऊन स्वच्छ होतं, सावल्या पायाशी गोळा झालेल्या. बाई प्रत्येक दारावर हात फिरवत चालल्या होत्या. या खेपेला मी एक बेत केला होता. उत्तर द्यायचं नाही. जीभ दातांखाली दाबून धरायची आणि नुसतं ऐकायचं, हाक मारणारा पुढे काय बोलतो ते. आईचं बोलणं मी विसरलो नव्हतो, पण बायकांच्या जुन्या समजुती, असं म्हणून बाजूला ठेवलं होतं.

पहिलं दार गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर हाक आली, "या, कॉफी घ्या."

मी जीभ इतकी दाबली की रक्ताची चव आली. पाच पावलं गेलो, सात गेलो. मागून काहीच नाही. ना दुसरी हाक, ना पाऊल. आणि मग माझ्या लक्षात आलं की बाईंचंही पाऊल वाजत नाहीये.

मी वळलो. गल्ली रिकामी होती. तिसऱ्या दाराशी मातीत त्यांची टोपी पडली होती, आणि दार उघडं होतं.

४

आमच्यात म्हणतात, गाडीत घेतलेला पाहुणा म्हणजे गळ्यात घेतलेला जीव. तो घरी पोचेपर्यंत त्याच्या केसाला धक्का लागला तरी तोंड दाखवायला जागा नाही. परवाना गेला असता, ते सोडा. त्या बाईंनी सकाळी माझ्या आईच्या हातचं खाल्लं होतं. मी गल्लीत उभा राहून त्यांना हाका मारल्या, तीनदा. माझाच आवाज खालून परत आला. मग बिस्मिल्ला म्हटलं आणि आत शिरलो.

आत गारवा होता. चाळीस वर्षं बंद असलेल्या खोलीत धूळ हवी, वटवाघळं हवीत, पडकं छत हवं. इथे जमीन झाडलेली होती, चटई अंथरलेली होती. दारातून आलेलं ऊन चटईच्या अर्ध्यापर्यंत पोचत होतं आणि पुढे काळोख. त्या उजेडाच्या काठावर बाई मांडी घालून बसल्या होत्या. हातात वाटी.

मी म्हणालो, मॅडम, चला. त्यांनी मान वर केली. चेहरा दमलेला, ओठ कॉफीने काळपटलेले.

"किती उशीर केलास रे," त्या म्हणाल्या. "मी हलवते वाटी. कितीदा हलवली. ते भरतातच."

त्यांना आत येऊन फार तर दोन मिनिटं झाली होती. माझी नजर त्यांच्या गुडघ्याशी गेली. तिथे खजुराच्या बियांचा ढीग होता. ओंजळभर नव्हे, टोपलीभर. खालच्या बिया वाळून पांढऱ्या पडल्या होत्या.

माझी पाचावर धारण बसली. मी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. बाई अंगाने काटकुळ्या, पण तसूभर हलल्या नाहीत. जोर करावा तशा त्या जास्तच जड लागायला लागल्या. शेवटी त्याच कळवळून म्हणाल्या की नको ओढूस, हात तुटेल. आणि मी सोडलं तर माझ्याही समोर चटईवर एक वाटी होती. भरलेली, वाफ येत असलेली. ठेवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला उमगलं की इथे ताकदीचं काम नाही, रीतीचं काम आहे. आणि रीत मला येत होती, ती तर माझ्या रक्तातच.

आमच्यात एखादा माणूस काही मागायला येतो ना, तो तोंडाने मागत नाही. पहिली वाटी उचलतो आणि न पिता जमिनीवर ठेवून देतो. घरधन्याने समजायचं, याच्या मनात काहीतरी आहे. मग तो म्हणतो, कॉफी प्या, ज्यासाठी आलात ते दिलं. काय हवंय ते विचारायच्या आधीच म्हणतो, आणि एकदा म्हटलं की शब्द फिरवता येत नाही. मुलगी मागितली तर मुलगी द्यायची, खून माफ करायचा म्हटला तर तोही करायचा. अशा एका वाटीवर आमच्या डोंगरातली दोन पिढ्यांची वैरं मिटलेली आहेत.

मी बाईंच्या शेजारी बसलो. उजव्या हाताने वाटी उचलली, ओठांपर्यंत नेली, आणि न पिता चटईवर ठेवली. एक थेंबही सांडला नाही.

खोली शांत झाली. बाहेर गल्लीत माशी घोंगावत होती, तीही थांबली असं वाटलं. मी मान खाली घालून बसलो होतो.

"कॉफी प्या," काळोखातून तो आवाज म्हणाला, सावकाश, अदबीने. "ज्यासाठी आलात ते दिलं."

मी वाटी उचलली आणि एका दमात रिकामी केली. सांगायला नको, पण तशी कॉफी मी जन्मात प्यायलो नाही, इतकी ती चांगली होती. सवयीने वाटी हलवली आणि परत द्यायला हात पुढे केला. ती घ्यायला काळोखातून एक बाही उजेडात आली. पांढरी शुभ्र, इस्त्रीची, आमच्या साध्या झग्याची असते तशी. ओतणारा उभा असावा, म्हणून मी नजर बाहीवरून वर नेली, खांदा कुठे आहे ते बघायला. बाही वर जात राहिली. भिंतीवरच्या कोनाड्याच्याही वर गेली. आढ्याच्या तुळईपाशी पोचली तरी ती बाहीच होती.

मी पुढे पाहिलं नाही. बाईंचा हात धरला आणि या वेळी त्या पिसासारख्या उठल्या.

५

बाहेर ऊन तसंच होतं आणि सावल्याही तिथेच. मी बाईंना गाडीत कोंबलं आणि डोंगराची वळणं अशा वेगाने उतरलो की परवाना देणाऱ्या साहेबाने पाहिलं असतं तर जागीच फाडला असता. मुख्य रस्ता लागला, पेट्रोलपंप दिसला, मुलं फुटबॉल खेळताना दिसली, आणि मला एकदम हसू फुटलं. मी सोडवून आणलं होतं! वाटी खाली ठेवून, बापजाद्यांच्या रीतीने, त्याच्या दारातून माझा पाहुणा परत आणला होता. आनंदाने मी मोठमोठ्याने गाऊ लागलो.

बाईंनाही तरतरी आली होती. दमणूक कुठल्या कुठे गेली. त्यांना वाटत होतं की आपण एका सज्जन म्हाताऱ्याकडे लांबलेली दुपार काढून आलो. इतकं आपुलकीचं माणूस म्हणे त्यांना सगळ्या प्रवासात भेटलं नव्हतं. मी विचारलं, चेहरा पाहिलात? त्या म्हणाल्या, अंधार होता ना, आणि ते सारखे उभेच होते.

हॉटेलच्या दारात उतरताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मग काहीतरी आठवून खुलल्या.

"आणि तुझी जाहिरात केली हो मी. त्यांना तुझं कार्ड दिलं. फार खूश झाले."

मी त्यांना नीट निरोपही दिला नाही. गाडी वळवली. हॉटेलपासून घर पंचवीस मिनिटांवर आहे, मी बारा मिनिटांत पोचलो. वाटेत मी मनाला समजावत होतो की कार्ड वाचायला डोळे लागतात, आणि आमचा पत्ता इतका वेडावाकडा आहे की टपालवालाही चुकतो. रय्याला फोन लावला. तिने उचलला, आणि पाठ दुखतेय म्हणून आडवी झाले आहे, म्हणाली. आवाज नेहमीचा होता. मी जरा सैल झालो.

६

अंगणात शिरलो तर वेलदोड्याचा वास. स्वयंपाकघरात आई कॉफी कढवत होती. गाल लाल झालेले, हाताला उसंत नाही. आमची नक्षीची किटली, जी ईदलाच निघते, ती घासून पुसून ताटात तयार होती. मला बघून तिने बोट ओठांवर ठेवलं आणि हळूच, पण आनंद न लपवता, सांगायला लागली.

पाहुणा आलाय. तुझ्या ओळखीचा, हातात तुझं कार्ड. मोठ्या घरचा असावा, बोलण्यात काय ती अदब. मी बैठकीत बसवलं आणि दाराआडून कॉफी पुढे केली. तर त्याने वाटी उचलली, आणि बाळा, न पिता खाली ठेवली! आपल्या घरात, आपल्या कार्पेटवर! तुझ्या बापाच्या वेळेपासून कुणी आपल्या दारी असा मान घेऊन आला नव्हता.

मी एवढंच विचारलं की तू काही बोलली नाहीस ना.

"म्हणजे काय," आई दुखावून म्हणाली. "घरात वडीलधारी मीच. तू आलास की विचारते म्हणून त्याला ताटकळत ठेवू? मी म्हटलं, कॉफी पी बाळा, ज्यासाठी आलास ते दिलं."

चुलीवरची कॉफी उकळून वर आली. तिने घाईने आच कमी केली.

"प्यायला तो?"

"एका दमात. आणि मागितलं म्हणशील तर काही नाही. कसला मोठ्या मनाचा माणूस. नुसतं विचारलं, घरात कोण कोण असतं. मी म्हटलं, मी, माझा मुलगा, सून, आणि चौथं आज-उद्यात येईल. तर म्हणाला, घाई नाही, येऊ दे. तोवर बसतो."

मी बैठकीच्या दाराकडे पाहिलं. ते ओढून घेतलेलं होतं. पलीकडच्या खोलीत रय्या कण्हली, मग तिने मला नावाने हाक मारली आणि म्हणाली की आईंना बोलाव, कळा सुरू झाल्या वाटतं.

आईने आनंदाने दोन्ही हात आभाळाकडे केले. मग किटलीत कॉफी गाळली, ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि मला बैठकीकडे ढकललं.

"जा, त्याची वाटी भर," ती म्हणाली. "आणि पुढे अंगणात बसायला बोलाव त्याला. बिचारा मघापासून मान वाकवून आहे, आपलं छत त्याला ठेंगणं पडतंय."